गाडीच्या पोटाखाली लोखंडी पत्रा लावायचा की ॲल्युमिनियमचा?

ऊसतोड सुरू झाली की शिवारातल्या रस्त्यांचं काय होतं, ते सांगायला नको. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या काळ्या रानातून जातात, दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा तयार होतो. वाळल्यावर तो दगडासारखा कडक होतो. मागून बोलेरो, थार किंवा जिम्नी त्याच चाकोरीतून गेली की चाकं खाली आणि गाडीचं पोट त्या उंचवट्यावर. घाटातल्या, वाडी-वस्तीच्या कच्च्या वाटांवर मातीऐवजी काळा दगड असतो, कोकणात जांभा. आवाज एकच येतो, खाडकन! आणि मग ऑइलचा चेंबर फुटलाय की वाचलाय, हे गाडीखाली वाकून बघावं लागतं.

म्हणून बरेच जण पोटाखाली गार्ड बसवतात. कुणी चेंबर गार्ड म्हणतं, कुणी इंजिन गार्ड, कुणी स्किड प्लेट. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो: लोखंडी देऊ की ॲल्युमिनियमचा? दोन्हीत नेमका फरक काय आणि कुणी काय घ्यावं, ते इथे बघू.

आधी एक गोष्ट तपासा

नव्या गाड्यांच्या खाली कंपनीचंच एक काळं आवरण असतं. पुष्कळ मालकांना वाटतं तोच गार्ड. वाकून टिचकी मारून बघा. प्लॅस्टिकचा आवाज आला तर ते फक्त चिखल-पाणी अडवण्यासाठी आहे, दगडासाठी नाही. काही गाड्यांना कंपनीकडूनच पातळ पत्रा येतो, तो डांबरी आणि बऱ्या कच्च्या रस्त्याला पुरतो.

गाडी जमिनीपासून किती उंच आहे, हेही बघा. कंपनीच्या आकड्यानुसार थार २२६ मिलिमीटर आणि पाच दारांची जिम्नी २१० मिलिमीटर उंच आहे. पण कंपनीच्या आकड्यात तुमचं ओझं धरलेलं नसतं. मागे चार माणसं आणि खताची दोन पोती टाकली की स्प्रिंगा दबतात आणि मागची बाजू खाली येते.

वजनाचा हिशोब

लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड आहे. एक चौरस मीटर, ३ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याच्या भाषेत एक सूत पत्रा साधारण साडेतेवीस किलो भरतो. तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आठ किलोच्या आसपास.

पण इथेच गिऱ्हाइकाची फसगत होते. त्याच जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा लोखंडाच्या मानाने एक-तृतीयांशच ताठ असतो. गाडीचं वजन त्यावर आलं की तो वाकून वर चेंबरला टेकतो. म्हणून ॲल्युमिनियम नेहमी जाड घ्यावं लागतं, निदान ५ मिलिमीटर, दगडाच्या वाटेला ६. पत्र्याची जाडी वाढली की ताठपणा नुसता वाढत नाही, फार झपाट्याने वाढतो. जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. त्यामुळे ५ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम ३ मिलिमीटरच्या लोखंडापेक्षा जास्त ताठ बसतं आणि तरी वजनाला हलकंच राहतं. पाच चौरस फुटांचा गार्ड धरला तर लोखंडी अकरा किलो, ॲल्युमिनियमचा सहा-साडेसहा किलो.

म्हणजे ‘ॲल्युमिनियम आहे साहेब, एकदम हलकं’ म्हणत कुणी ३ मिलिमीटरचा पत्रा दाखवला तर घेऊ नका. बसच्या फ्लोअरला वापरतात ती ठिपक्यांची चेकर प्लेटही दिसायला दणकट असते, पण ती पाय घसरू नये म्हणून असते.

आता खरं सांगायचं तर एका गार्डामागे पाच किलोचा फरक बोलेरोसारख्या गाडीला कळणारही नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेल टाकी असे तिन्ही गार्ड लावले तरी फरक पंधरा किलोच्या घरात जातो, सिमेंटच्या पोत्याचा तिसरा हिस्सा. फरक जाणवतो तो पुढचा बंपर, बाजूचे पाइप, टपावरचा कॅरिअर सगळंच लोखंडी केल्यावर. तेव्हा पुढच्या स्प्रिंगा बसतात, ब्रेक लांबतो, ॲव्हरेज घटतं. टपावरचा कॅरिअर मात्र ॲल्युमिनियमचाच बरा. उंचावर ठेवलेलं वजन उतारावर गाडीला आडवं पाडायला मदत करतं.

दगडावर आपटल्यावर काय होतं

लोखंड दगडावरून घसरतं. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दगडाचं टोक त्यात रुततं, चर पडते आणि गाडी अडकते. रोज खडकाच्या वाटेने जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच महिन्यात कळतो. चिखल, माती, नदीतल्या गोल गोट्यांची वाट असेल तर फारसा पडत नाही.

लोखंड वाकतं, पण सहसा तुटत नाही. काढायचं, ऐरणीवर ठेवायचं, घणाने सरळ करायचं, परत लावायचं. जाड ॲल्युमिनियम एकदा वाकलं की सरळ करताना तडा जाऊ शकतो. शिवाय सततच्या धक्क्यांनी ते ‘थकतं’. खडखडाटी रस्त्यावर वर्षानुवर्षं थरथरत राहिलं की बोल्टच्या भोकापासून बारीक भेग निघते. लोखंडालाही हे होतं, पण बऱ्याच उशिरा.

मग दुरुस्ती. लोखंडाचं वेल्डिंग कुठल्याही बाजारगावात होतं, लाइट असली म्हणजे झालं. ॲल्युमिनियमला आरगॉन गॅसचं वेल्डिंग लागतं, ते तालुक्याला असलं तर असतं. आणि ६०६१ नावाच्या कडक मिश्रधातूला वेल्डिंग केलं की जोडाजवळची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणून चांगले ॲल्युमिनियम गार्ड जोड न देता एकाच पत्र्याला वाक देऊन बनवतात. घेताना हे नक्की बघा. ५०५२ आणि ५०८३ हे प्रकार वेल्डिंगला आणि खाऱ्या हवेला जास्त टिकतात.

गंज

लोखंड गंजतं, यात नवल नाही. पण गार्ड वरच्या बाजूने गंजतो, जिथे ओला चिखल साचून बसतो आणि आपल्याला दिसत नाही. खालचा रंग दगडाने खरवडला जातो तो वेगळाच. दर पावसाळ्यानंतर गार्ड काढून धुवा, घासा, रेड ऑक्साइड मारून रंग द्या.

ॲल्युमिनियम असं गंजत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण लोखंडी किंवा स्टेनलेस बोल्टला ते थेट चिकटलं आणि मधे खारं पाणी आलं, तर बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडू लागतं. बोल्टही असा जाम होतो की निघता निघत नाही. किनाऱ्याकडच्या गाड्यांना हा त्रास हमखास. बोल्टखाली नायलॉन किंवा रबरी वॉशर आणि आट्यांना ग्रीस, एवढ्याने काम भागतं.

इंग्लंडमध्ये १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली, तेव्हा तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती, कारण युद्धानंतर तिथे लोखंडी पत्र्याचा तुटवडा होता. चेसिस मात्र लोखंडाचीच ठेवली होती. ओझं आणि मार जिथे पडतो तिथे लोखंड, बाकी ठिकाणी हलकं, हा हिशोब आजही चुकीचा नाही.

मग घ्यायचं काय?

ॲल्युमिनियमचा भाव किलोमागे लोखंडाच्या तीन-चार पट असतो. माल कमी लागतो तरी गार्ड दुपटीच्या आसपास जातो. शेत, वाडी, घाट असा रोजचा वापर आणि दुरुस्ती गावातच, तर ३ मिलिमीटरचा लोखंडी गार्ड घ्या. आमच्या मते दहातल्या आठ जणांना हाच पुरतो. किनाऱ्याला राहणारे, जिम्नीसारखी हलकी गाडी असणारे, किंवा लांबचा प्रवास जास्त आणि दगड कमी असणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा विचार करावा. दाराखालचे पाइप मात्र लोखंडीच हवेत. त्यावर गाडीचं निम्मं वजन येतं आणि वेळेला जॅकही तिथेच लावतात.

बसवताना

गार्ड चेसिसला बोल्टने बसवा, वेल्डिंगने नको. वेल्डिंगची गरज पडलीच तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. टाकीजवळ वेल्डिंग नाहीच. चेंबर आणि गार्ड यांच्यात दोन बोटांची फट ठेवा. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली हवीत, नाहीतर पहिल्याच दगडाला उडतील. दोन पत्रे असतील तर मागच्या पत्र्याची पुढची कड पुढच्या पत्र्याच्या वर जाऊ द्या. कौलं जशी उताराकडे एकावर एक ठेवतो, तसं. म्हणजे पुढे जाताना दगड फटीत अडकत नाही.

ऑइल सोडायला भोक हवं, पाणी आणि हवेलाही वाट हवी. सगळं बंद केलं तर इंजिन तापतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वाळलं गवत, पाचट गार्डवर अडकतं आणि वरून तापलेला सायलेन्सर जातो. पाचटाच्या रानातून आल्यावर गाडी उभी करण्याआधी खाली वाकून बघा, हाताला येईल तेवढं काढा. गाडी पेटायला मूठभर पाचट पुरतं.

पुढच्या बाजूचे मोठे लोखंडी बुलबार मात्र लावू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ ला ते धरून नाहीत. धडकेत पादचाऱ्याला जास्त मार लागतो आणि एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. कायद्यात बसत नाही असा बदल केला तर कलम १८२ अ नुसार दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पोटाखालचा गार्ड घेतानाही कंपनीच्या अॅक्सेसरीत मिळत असेल तर तोच घ्या, बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा.

गार्ड असूनही जोरात आपटलं तर गाडी लगेच थांबवून खाली बघा. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत जाईल’ म्हणून चालवलेलं इंजिन काही मिनिटांत जाम होतं. ऑइल गळत नसलं तरी चेंबरला मोठा पोचा दिसला तर मिस्त्रीला दाखवाच. आतली ऑइल ओढणारी जाळी दबली असेल तर दिवा उशिरा लागतो.