नजरेचें माप

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याचीं लेणीं सुमारें शंभर किलोमीटरांवर आहेत. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपुढें आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां उभें केलें आहे व ‘प्रथम नजर कोठें गेली?’ असें विचारलें आहे. कोणी मुकुट सांगतो, कोणी हातांतील कमळ. या उत्तरांवर विश्वास किती ठेवावा? नजर यंत्रानें मोजतां आली तर पाहणाराच्या शब्दाची गरजच उरणार नाहीं, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटे. त्या मापनाचा इतिहास पाहिल्यावर हें मत सोडावें लागलें.

१८९८ सालीं अमेरिकेंत ह्यूई यानें वाचणाराच्या डोळ्यावर प्लॅस्टरची लहानशी वाटी बसवून तिला हलकी तरफ जोडली. डोळा हलला कीं तरफेचें टोक काजळी धरलेल्या पृष्ठभागावर रेघ ओढी. हा प्रकार मोठा जाचक होता. १९०१ सालीं डॉज व क्लाइन यांनीं डोळ्यास स्पर्श न करितां, त्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावरून परतणारी प्रकाशाची तिरीप छायाचित्राच्या कांचेवर टिपली. दुरून नजर मोजण्याचा पाया येथें पडला. याच तत्त्वावर शिकागोच्या बझवेल यानें सुमारें २०० माणसें चित्रें कशीं पाहतात तें नोंदून १९३५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १९७४ सालीं मर्चंट व त्याचे सहकारी यांनीं मस्तक न जखडतां, एक घनफूट जागेंत तें हलूं देणारी मापनपद्धति वर्णिली.

आजचीं यंत्रें डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून बाहुलीचा मध्य व ती तिरीप यांतील अंतर पाहतात. परंतु त्यावरून डोळा कोणीकडे वळला एवढेंच कळतें. स्पष्ट दृष्टीचा बिंदु डोळ्याच्या अक्षापासून सुमारें ५ अंश बाजूस असतो, आणि हा फरक माणसागणिक निराळा असतो. ६० सेंटिमीटरांवर १ अंश म्हणजे सुमारें १ सेंटिमीटर. तेव्हां जुळवणीवांचून पद्मपाणीच्या छापील चित्रांत ओठ पाहणारा कमळ पाहत होता असें खुशाल ठरेल. म्हणून आरंभीं ठरलेल्या जागचे पांच किंवा नऊ ठिपके एकामागून एक पाहावयास सांगतात, व त्या नोंदींवरून यंत्राचें गणित त्या माणसापुरतें बसवितात. मग आणखी ठिपके दाखवून चूक किती राहिली तें तपासतात. चष्म्याची चकाकी, झुकलेली पापणी, दाट काजळ यांनीं हें गणित बिघडतें. बैठक बदलली तरी तें सरकूं शकतें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ठिपका दाखवितांना मनुष्य त्याच्याकडेच पाहत आहे, हें यंत्र गृहीत धरतें. त्याचें मन भटकलें असेल, तर पुढील सर्व आंकडे सफाईनें चुकीचे येतात. ज्याचें शरीर निश्चल झालें आहे असा रुग्ण पडद्यावरील अक्षरें नजरेनें निवडून बोलतो. जुळवणी चुकली तर त्याच्या तोंडीं न मागितलेलें अक्षर येतें, आणि तें दुरुस्त करावयास त्याजपाशीं दुसरी वाणी नसते. जें मूल ठिपक्यावर दृष्टि स्थिर ठेवूं शकत नाहीं, त्याच्याविषयीं यंत्राच्या आधारें निर्णय देणारानें तर दहादां विचार करावा.

पाहणाराच्या शब्दापासून आम्हांस सुटका हवी होती. यंत्राचा आरंभच त्या शब्दावर होतो. पद्मपाणीपुढें आम्ही तोच प्रश्न अजून विचारतों. फरक इतकाच, कीं हल्लीं उत्तर मिळाल्यावर आम्ही हंसत नाहीं. तें वहींत लिहून ठेवितों.