रक्तातला आकडा

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बचत गटाच्या बाया. मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आमचे मालक रात्रीत चार-पाचदा उठतात, लघवी थेंब थेंब होते. म्हणतात, वयच झालंय." दुसरीनं विचारलं, "आमच्या दादांच्या रिपोर्टवर पीएसए लिहिलंय, ते काय?" म्हणून आज त्याच तपासणीची गोष्ट.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. १९३८ साली अमेरिकेतल्या गटमन दांपत्याला दिसलं, की तिचा कॅन्सर हाडांत पसरला की रक्तातलं एक द्रव्य वाढतं. पण तोवर फार उशीर झालेला असे. १९७९ मध्ये बफेलो शहरात डॉ. मिंग चू यांच्या गटानं पीएसए हे प्रथिन वेगळं काढलं. १९८६ मध्ये रुग्णांवर लक्ष ठेवायला आणि १९९४ मध्ये कॅन्सर शोधायला मदत म्हणून तिथं या तपासणीला मान्यता मिळाली.

मग सरसकट तपासण्या सुरू झाल्या. कधीच त्रास न देणारे, सावकाश वाढणारे कॅन्सरही सापडले. ऑपरेशनं झाली आणि काहींचा लघवीवरचा ताबा गेला. ग्रंथीतल्या द्रव्यावर १९७० सालीच लिहिणारे रिचर्ड अॅब्लिन यांनी २०१० मध्ये अशा सरसकट तपासणीला उघड विरोध केला. २०१८ पासून अमेरिकेतला सल्ला असा: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं.

तपासणी खरंच जीव वाचवते का, हे आपल्याच भागातल्या बायांनी दाखवलंय. आपल्या बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद होते. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं. पीएसएचा फायदा इतका स्पष्ट नाही.

तेव्हा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. वयानं ग्रंथी सुजली किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी तो वाढतो. पक्कं निदान तुकडा तपासूनच होतं. पण लघवी तुंबली, लघवीतून रक्त आलं, कंबरेची हाडं सतत दुखू लागली, तर वयावर ढकलू नका. मालक लाजतील, टाळतील. आपणच विषय काढायचा, सोबत दवाखान्यात जायचं. त्या ताई गेल्या सोमवारी गेल्या.