खर्ज कुणाच्या हातात?

मी येरमाळ्याचा. आमच्याकडं येडेश्वरीचा गोंधळ म्हटलं की संबळ आलाच. त्यात दोन वाद्यं असतात, एक चढं, एक खर्जाचं. संबळ कमरेला बांधतात, म्हणून खर्ज वाजवणाऱ्यासोबत चालतो.

रॉकवाल्यांना ही सोय उशिरा मिळाली. माणसापेक्षा उंच डबल बास इलेक्ट्रिक गिटारपुढं दबून जायचा. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवायचा प्रिसिजन बास बाजारात आणला. पुढं ‘क्रीम’ या तिघांच्या ब्लूज-रॉक बँडमध्ये जॅक ब्रूसनं आखूड मापाचा गिब्सन ईबी-३ घेतला. त्याच्या तारा ओढायला सोप्या, त्यामुळं बास थेट गिटारला उत्तर द्यायला लागला.

गोंधळात संबळाचा खर्ज गाणाऱ्याचे शब्द उचलून धरतो. डीजेचा बास तेच शब्द गिळतो. यंदा चैत्री पौर्णिमेला यात्रेत या, दोन्ही ऐका आणि सांगा!