बाल्कन मूत्रपिंडविकार
डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशिया आदी देशांतील ठरावीक खेड्यांतच आढळणारा, सावकाश बळावणारा रोग. 1950 च्या दशकापासून संशोधकांनी शिसे, बुरशी, विषाणू अशा अनेकांवर संशय घेतला. खरा गुन्हेगार शेतातच होता: ॲरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस या तणाचे बी गव्हाबरोबर दळले जाई आणि पावातून पोटात जाई. 1993 मध्ये बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या वनौषधींनी स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे उघड झाले, तेव्हा दुवा जुळू लागला. त्या वनौषधींत आणि या तणात असलेले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडातील नलिकापेशींच्या डीएनएला चिकटते. एरवी इजेनंतर या पेशी नव्याने वाढून नलिका सांधतात. येथे ती डागडुजीच खुंटते आणि मागे तंतुमय व्रण उरतो. मूत्रमार्गाचा कर्करोगही संभवतो. आपल्याकडील सापसन ही वनस्पतीही ॲरिस्टोलोकिया याच वंशातील आहे.