सह्याद्रीची चढण आणि ख्रिस्ती स्नेहभाव

पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे आणि प्रत्येकाने आपापल्या वतनावर परत जावे, असा जुबिलीचा नियम मोशेच्या शास्त्रात सांगितला आहे. ह्या मंगल वर्षी आम्हीही मागे वळून पाहू लागलो, तेव्हा एक प्रश्न मनात उभा राहिला. पावसाळा ओसरला की आमच्यातील काही मंडळी जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत पायी जातात. त्या डोंगरांतील लेणी बौद्धांची, भीमाशंकरचे ज्योतिर्लिंग शिवभक्तांचे आणि शिवनेरी तर १६३० साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माने धन्य झालेला. मग तेथे ख्रिस्ती माणसाचे वतन ते कोणते? ह्याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधले; ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

जुन्नरच्या पश्चिमेस घाटघर गावाजवळ नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांचा माल सातवाहनांच्या काळी ह्याच वाटेने देशावर चढत असे. घाटमाथ्याच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची व दानांची नोंद आहे. जवळच दगडी रांजण आहे, आणि त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. परंतु घामाघूम होऊन वर पोहोचलेल्या माणसाचे लक्ष प्रथम जाते ते खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे. राज्ये लयास गेली, व्यापार थांबला, पण वाटसरूसाठी केलेली ती सोय आजही ओळखता येते.

जुन्नरच्या लेण्यांतील एक लेख आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. इरिल नावाच्या एका यवनाने दोन ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, दान केल्याचे त्यात नमूद आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. दूरदेशीचे हे लोक ह्या डोंगरांत परकेच होते; तथापि तहानलेल्यास पाणी व भुकेल्यास बसावयास जागा देऊन त्यांनी आपले नाव येथील खडकावर कायमचे ठेविले.

घाटाखालच्या कोकणात ख्रिस्ती धर्मही पुरातन काळी येऊन पोहोचला होता. सहाव्या शतकातील कॉस्मस ह्या ग्रंथकाराने ‘कल्लिआना’ येथे पर्शियात दीक्षा मिळालेला बिशप असल्याचे लिहून ठेविले आहे, आणि अनेक विद्वान हे स्थळ म्हणजे आपले कल्याण असे मानतात. एवढ्यावरून तेथील ख्रिस्तीजन नाणेघाट चढून जुन्नरास आले असे मात्र सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करण्याचा मोह आम्ही धरीत नाही. आमचे वतन जुन्या हक्कावर उभे राहणार नाही. ते सेवेनेच मिळवावे लागेल.

घाट आणि आतिथ्य ह्यांचा हाच संबंध पश्चिमेकडेही दिसतो. आल्प्स पर्वतातील सुमारे २,४७० मीटर उंचीच्या खिंडीत अकराव्या शतकात संत बर्नार्ड ह्यांनी प्रवाशांसाठी आश्रयस्थान उभारिले. बर्फात वाट चुकलेल्यांस तेथील धर्मबंधूंनी शतकानुशतके आसरा दिला. १९२३ साली पोप अकरावे पायस ह्यांनी ह्याच संतास गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. पोप महाशय स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. तरुण धर्मगुरू असताना १८८९ साली त्यांनी मोन्ते रोझाचा अवघड पूर्व कडा सोबत्यांसह सर केला आणि त्या चढाईत एक रात्र उघड्या खडकावर काढिली.

तुरीनचा पिएर जोर्जो फ्रासाती हा युवक (१९०१–१९२५) तर आमच्या तरुणांनी अवश्य ओळखावा असा आहे. १९२४ साली त्याने मित्रमैत्रिणींचे एक गमतीदार नावाचे मंडळ काढिले. डोंगर चढावे, थट्टामस्करी करावी आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी, असा त्यांचा क्रम असे. परंतु डोंगरावरून उतरल्यावर हाच श्रीमंत घरचा मुलगा गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत औषधे व अन्न घेऊन जाई. चोविसाव्या वर्षी पोलिओने त्याचा अंत झाला, तेव्हा अंत्ययात्रेस लोटलेली गरिबांची गर्दी पाहून घरच्यांसही त्याची खरी ओळख पटली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ ह्यांनी त्याला संतपद बहाल केले.

चढणीवर माणसाचा डौल फार वेळ टिकत नाही. पेढीवरचा साहेब आणि कारखान्यातील कामगार ह्यांस तहान सारखीच लागते, आणि पुढे गेलेल्यास मागे राहिलेल्यासाठी थांबावेच लागते. आमच्यातील कित्येकांची वर्षानुवर्षांची अबोल ओळख एका डबक्यातून पाय धुताना मैत्रीत पालटली आहे. तथापि प्रभूच्या रूपांतराच्या डोंगरावर तीन मंडप उभारून तेथेच राहू इच्छिणाऱ्या पेत्रालाही खाली उतरावे लागले, आणि पायथ्याशी एक आजारी मुलगा व त्याचा व्याकूळ पिता वाट पाहत होते, हे शुभवर्तमान आपणांस विसरता येत नाही.

आमच्या डोंगरांचा पायथाही रिकामा नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीत आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीचे गाव जागेवर नाही, हे प्रथम एका एस.टी. चालकाच्या ध्यानी आले. ज्या हिरव्या उताराचे आपण सुटीच्या दिवशी कौतुक करितो, त्याच उताराखाली महादेव कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत व जीव मुठीत धरून पावसाळे काढीत आले आहेत. त्यांची वाट तुडवावी, त्यांच्या विहिरीचे पाणी प्यावे आणि त्यांचे नावही न विचारता परतावे, ह्यास स्नेह म्हणता येणार नाही.

म्हणून जुबिलीच्या वर्षी आमची एवढीच विनंती आहे. डोंगरी अवश्य जावे, माथ्यावर प्रभूचे आभार मानावे. परंतु उतरताना वाटेवरच्या एका घराशी तरी कायमचे नाते जोडून यावे. यवन इरिलाने दोन टाकी दिली; आपल्या धर्मग्रामाने किमान एक ओंजळ पाणी तरी मागे ठेवावे. सह्याद्रीत आपले वतन असेल तर ते तेवढेच, आणि ते पुरेसे आहे.