करवत हातात, झाड कुणाचं?

जंगलात एक माणूस, हातात चेनसॉ, समोर आडवं पडलेलं झाड. तो त्या ओंडक्याच्या फळ्या काढतो आणि काही महिन्यांत तिथंच लाकडी केबिन उभं करतो. असे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीनं पाहिले जातात. मीही पाहतो. वखारीतून एक फळी न आणता बांधलेलं घर कुणाला आवडणार नाही? पण इतिहास वाचायची सवय लागली की दोन प्रश्न सुटत नाहीत. ही करवत त्याच्या हातात आली कशी? आणि ते झाड कुणाचं होतं?

ओंडका आडवा तोडणं सोपं, उभा चिरणं अवघड. आडवं तोडताना लाकडाचे धागे तुटतात. उभं चिरताना दात धाग्यांच्या दिशेनं पुढे सरकतात आणि दर इंचाला अडतात. म्हणून शेकडो वर्षं हे दोन माणसांचं काम होतं. ओंडका खड्ड्यावर ठेवायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खड्ड्यात उतरायचं आणि लांब आरा वर-खाली ओढायचा. वरचा रेषेवर नजर ठेवी. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई. युरोपात ही पद्धत होती, आपल्या कोकणातही होती.

मग पाण्यावर आणि वाऱ्यावर चालणाऱ्या करवती आल्या. 16व्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोननं पवनचक्कीला करवत जोडली. त्या देशाच्या जहाजबांधणीला त्यामुळे मोठा वेग आला. पण यंत्र आलं की कुणाची तरी भाकरी जाते. 1768 मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात उभारलेली अशीच एक गिरणी आरा ओढणाऱ्या कामगारांच्या जमावानं मोडून टाकली. त्यांना आडमुठं म्हणणं सोपं आहे. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर खड्ड्यातलं कष्टाचं काम एवढंच त्यांच्या हाती होतं, आणि तेही चाललं होतं.

यानंतर दीडशे वर्षं नियम एकच: झाड गिरणीकडे न्यायचं. चेनसॉनं तो उलटा केला. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवरची आणि 1929 मध्ये पेट्रोलवरची साखळी-करवत आणली. सुरुवातीची यंत्रं अवजड होती आणि साखळी लवकर बोथट होई. 1946 मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ बुफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहत बसला. ती डावी-उजवीकडे जबडा चालवत, धाग्यांची पर्वा न करता लाकूड खात होती. त्यानं साखळीचे दात तसेच वळवले. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच दातांच्या वंशातल्या.

पुढे या करवतीच्या पात्याला बसणारी एक साधी चौकट आली, ‘अलास्कन मिल’. तिची खुबी पहिल्या कापात आहे. गोल ओंडक्याला सपाट बाजूच नसते. म्हणून त्यावर शिडी किंवा सरळ फळी ठोकतात आणि चौकट तिच्यावरून सरकवतात. एक बाजू सपाट झाली की पुढचे काप तिच्याच आधारानं. साखळीच्या दातांची धारही वेगळी लागते. आडव्या कापाला साधारण 30 अंश, उभ्याला 10 अंशांच्या आसपास.

किंमतही मोजावी लागते. चेनसॉचा काप सुमारे 9 मिलिमीटर रुंद, पट्टी-करवतीचा जेमतेम 2. एक इंची फळ्या काढल्या तर लाकडाचा चौथा हिस्सा भुसा होऊन उडतो. शिवाय ओली फळी लगेच बसवली तर पिळवटते. मध्ये काठ्या घालून ती रचायची आणि जाडीच्या दर इंचाला वर्षभर वाळवायची, असा जुना ठोकताळा आहे. व्हिडिओत हे वर्ष दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेत लाकडी केबिन ही स्वावलंबनाची खूण झाली. अब्राहम लिंकन अशाच घरात 1809 मध्ये जन्मले. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर दिले. ही जमीन मूळ रहिवाशांकडून युद्धांनी आणि मोडलेल्या करारांनी घेतलेली होती. रिचर्ड प्रोएनिकी यानं 1968 मध्ये अलास्कातल्या ट्विन लेक्सकाठी बांधलेलं केबिन जगप्रसिद्ध आहे (त्यानं चेनसॉ नव्हे, हातहत्यारं वापरली). आज ते लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात जपलं आहे. हा सारा देना'इना लोकांचा जुना मुलूख.

1878 या वर्षापाशी मी थांबतो. त्या वर्षी अमेरिकेनं पश्चिमेकडच्या काही राज्यांतल्या आणि प्रदेशांतल्या रहिवाशांना सरकारी खनिज-जमिनीवरून घरासाठी लाकूड तोडायची मोकळीक दिली. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात वन कायदा करून जंगलं ‘राखीव’ केली. एकच वर्ष, गोऱ्या वसाहतवाल्याला परवानगी आणि इथल्या रयतेला मनाई. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर ओढलेले ताशेरे या मनाईतूनच आले.

आणि आपल्याकडे जंगल कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात, आणि हा शब्द इथूनच गेला. आखाती बंदरांतली जहाजं आणि घरं या लाकडावर उभी राहिली. 18व्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसं तोडावं हे सांगितलं. सागादी लाकूड हुजुरच्या परवानगीनं. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन. जुलमानं नाही.

म्हणजे तेव्हा राज्यानं मालकाला विचारायचं होतं. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस ही झाडं आली, आणि स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायला मालकानं सरकारला विचारायचं झालं. याला कारण आहे. ठेकेदारांनी डोंगर बोडके केल्याचं आपण पाहिलं आहे, आणि दहा माणसांचं काम एका दिवसात उरकणाऱ्या चेनसॉनं ते सोपंच केलं. पण 2006 च्या वनहक्क कायद्यानंही गौण वनोपजावर, म्हणजे बांबू, मध, तेंदूवर हक्क दिला, इमारती लाकूड मात्र त्यातून वगळलं. घर बांधायचं लाकूड अजून सरकारचंच.

करवत खड्ड्यातून गिरणीत गेली आणि शंभरेक वर्षांपूर्वी परत माणसाच्या हातात येऊ लागली. झाडाचा हक्क तसा परतलेला नाही. पुढच्या वेळी तो केबिनचा व्हिडिओ पाहाल तेव्हा कारागिराच्या हाताचं कौतुक जरूर करा. मीही करतो. फक्त त्या ओंडक्याच्या मागची जमीनही एकदा पाहा.