सातपाटीचा पंखा आणि टेस्लाची होडी

'रिमोट कंट्रोल' हा शब्द मराठीत रुळला तो खेळण्यामुळे नव्हे. दूरचित्रवाणी संचाबरोबर तो घरात आला. आणि १९९५ साली राज्यात युतीचे सरकार स्थापन झाल्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी तो आपल्या हाती असल्याचे सांगितले, तेव्हा तो राजकीय रूपक बनून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाऊन बसला. पालघर-बोईसरकडच्या सामान्य घरातील मुलाच्या हाती दुरून चालणारी होडी पडली ती बहुधा त्यानंतर. रूपक आधी आणि वस्तू मागाहून, हा क्रम साहित्याच्या अभ्यासकाला गमतीचा वाटेल. पण त्याची कारणे शोधायची तर कायद्याच्या आणि आयातीच्या इतिहासात शिरावे लागते.

वस्तू तशी जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी कोणत्याही तारेवाचून चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे अमेरिकन पेटंट त्याला मिळाले. धातूचा कीस भरलेली एक नळी विद्युतलहर पोचताच वाहक बनते आणि तेवढ्याने सुकाणू वळवणारे यंत्र जागे होते, अशी ती रचना होती. स्पेनशी युद्ध चालू असल्याने टेस्लाच्या मनात खेळणे नव्हते, दुरून सोडायचे युद्धसाधन होते. आरमाराला ते पटले नाही. म्हणजे या होडीचा जन्मच मुळी ग्राहकाविना झाला. तिचा प्रत्येक भाग टेस्लाच्या प्रयोगशाळेत हाताने घडलेला. मोडला असता तर तो पुन्हा घडवणाराही तोच.

आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणेच गुन्हा ठरवले होते. खेळण्यातला दोन बटणांचा प्रेषक त्या कायद्याच्या कक्षेत येतो, हे बाजारात कोणी फारसे मनावर घेत नसे, ही गोष्ट वेगळी! १ एप्रिल २००१ रोजी ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा मोठा हप्ता उठला आणि चिनी खेळणी जत्रेतल्या पथाऱ्यांपर्यंत पोचली. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. त्याआधीच्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत एकाच तळ्यात दोन होड्या सोडल्या की एकीचा हुकूम दुसरी पाळत असे. नव्या पट्ट्यातल्या होडीची आपल्या प्रेषकाशी जोडी जमलेली असते, म्हणून हा घोळ संपला. पुढे २०२० साली खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये ७० वर. आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक ब्यूरोची खूण अनिवार्य झाली. स्वस्त आयात ओसरली. तिच्यासोबत तिचे सुटे भागही.

इथे सातपाटीकडे वळावेसे वाटते. १९५० च्या दशकात मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली, तेव्हा कोळ्यांच्या बोलीत शाफ्ट आणि पंखा हे शब्द सुकाणू-डोलकाठीच्या शेजारी येऊन बसले. प्रोपेलरला पंखा म्हणणे हे भाषांतर नव्हे, ती ओळख आहे. आणि या ओळखीत एक व्यवहार गृहीत होता: इंजिन घ्यायचे ते ज्याचे सामान बंदरावर मिळेल तेच. नावापेक्षा पंखा कुठे मिळतो, हा प्रश्न आधी.

खेळण्यातली होडी घेताना आपण नेमका हाच प्रश्न विसरतो. मीही विसरलो. भाच्यासाठी दोन हजारांच्या आतबाहेरची, लाल रंगाची होडी घेतली. तिसऱ्या दिवशी तळ्यातल्या शेवाळात अडकून पंखा तुटला. दुकानदार म्हणाला, "सामान येत नाही, नवीन घ्या." ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. मोटर मिळाली, बॅटरी मिळाली, सर्वो मिळाला. पंखा मात्र नाही, कारण त्या शाफ्टचे टोक जगावेगळ्या मापाचे होते. पाण्यात चालणाऱ्या वस्तूचे जे पाण्याशी निगडित तेच दुर्मीळ, बाकी सारे विजेच्या बाजारात सर्वसामान्य. फेलुनच्या एफटी ००९ सारख्या थोड्या महाग होडीचे पंखा, सुकाणू, मोटर हे भाग सुटे विकले जातात. पहिली होडी म्हणून तीच घ्यायला हवी होती, हे शहाणपण उशिरा आले. ब्रशची साधी मोटर, सुटी होणारी बॅटरी आणि आट्यांचा शाफ्ट एवढे पाहिले तरी पुरे. वेगाचे आकडे खोक्यावरच राहू द्यावेत.

सातपाटीच्या एका वृद्ध तांडेलांना ती होडी दाखवली. त्यांनी उलटी करून पाहिली. "सर, पंखा शोधत फिरू नका. मिळेल त्या पंख्याला बसेल असा शाफ्ट करा."

तसे केले. पितळी नळी, तिच्यात चार मिलिमीटरचा आटे पाडलेला शाफ्ट, मोटरला जोडायला सिलिकॉनच्या नळीचा तुकडा, टोकाला मागवलेला नायलॉनचा पंखा. नळीत दर वेळी ग्रीस भरावे लागते, नाहीतर पाणी आत शिरते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती सोडायची नाही, एवढी अट भाच्याला घातली आहे. तो ती पाळतो असे त्याची आई सांगते.